मधली फाईल

बसा. तुमच्या फायली कन्व्हर्ट व्हायला अजून वेळ आहे, आणि त्या पट्टीकडे कितीही टक लावून पाहिलं तरी ती भरभर सरकत नाही, हे अनुभवाने सांगते. लोकांना वाटतं, कॅमेऱ्यातून काढलं, एडिटिंगला लावलं, की झालं. कॅमेरा आपल्या सोयीने चित्र दाबून, घड्या घालून ठेवतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते पचत नाही. नुसता काळा पडदा दाखवतं आणि मागून आवाज ऐकवतं. मग त्या घड्या उलगडून सगळं पुन्हा लिहून काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, त्यात भिण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो दिवा जरा तुमच्याकडे वळवून घ्या. तळघराला खिडकी नाही, दुपारीसुद्धा इथे दिव्यावाचून भागत नाही.

तीही दुपारच होती. एक बाई जिना उतरून आली. अंगावर जहाज कंपनीचा गणवेश, मुठीत पेन ड्राइव्ह. मूठ इतकी घट्ट, की मी हात पुढे केला तरी तिला ती सोडवेना.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे यात. कुठेच नीट लागत नाहीये. तुमच्याकडे जमेल?"

"कॅमेऱ्याचं कार्ड कुठे आहे?"

"दादाने फायली उतरवून घेतल्या आणि कार्ड पुसलं. आता त्याच्यावर त्याच्या मुलीचा वाढदिवस आहे."

"फोल्डर सगळं घेतलं ना?"

"मोठ्या दोन फायली घेतल्या म्हणाला. बाकी बारीकसारीक कचरा होता."

मी कपाळाला हात लावला. हे असले दादा प्रत्येक घरात एक असतात. कार्डावर दहा चिल्लर फायली दिसतात, त्यातल्या निम्म्यांचा आपल्याला खरंच उपयोग नसतो, पण त्यांतच एखादा छोटा, मोलाचा तुकडाही असू शकतो. तो कॅमेऱ्याला कळतो, सॉफ्टवेअरला कळतो, अतिशहाण्या भावाला तेवढा कळत नाही.

दोन्ही फायली मी साध्या प्लेअरवर लावल्या. चित्र अडखळत होतं, पण दिसत होतं. तिचे बाबा घड्याळजी होते. आपल्या कामाच्या टेबलाशी बसलेले, मागे भिंतभर घड्याळं. कॅमेरा समोरच्या कपाटावर ठेवलेला, त्यामुळे चित्र जराही हलत नव्हतं. म्हाताऱ्याने मुलाला चार गोष्टी सांगितल्या, नातीला दोन, गिऱ्हाइकांची कुठली घड्याळं कुठल्या खणात आहेत तेही सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाला, "आता राहिली धाकटी. धाकटीबद्दल..."

तिथे पहिली फाईल संपली. दुसरी सुरू झाली तीच "बस, एवढंच" या शब्दांवर. पुढे म्हातारा नुसता बसून होता. मागच्या भिंतीवरची सगळी घड्याळं मात्र एकदम पुढे गेलेली होती.

"धाकटी मी," ती म्हणाली.

तिने मग सांगितलं. भावापेक्षा तिच्या हातात कला जास्त होती. बाबांनी तिला लहानपणापासून शेजारी बसवून शिकवलं, दुकान तिलाच द्यायचं ठरवलं. आणि एक दिवस तिने ऐकवलं, की बॅटरीच्या जमान्यात चाकं-स्प्रिंगा जुळवत मी डोळे फोडून घेणार नाही. ती जहाजावर गेली. बाबांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. तिने फोन केला की ते भावाच्या हातात द्यायचे.

"मला एवढंच हवंय," ती म्हणाली, "ते काय बोलले माझ्याबद्दल. शिव्या दिल्या असतील तरी चालेल. काहीच न कळता कसं राहू?"

खोटी आशा लावायला मला आवडत नाही. मी स्पष्ट सांगितलं, "मधला तुकडा तुमच्या दादाने कचऱ्यात घातला. हे दोन मी नीट करून देईन. नसलेलं मी कुठून आणू?"

तिने मान हलवली. "ते गेले तेव्हा जवळ कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दार फोडावं लागलं, आतून कडी होती. बाबा त्याच खुर्चीत होते. आणि कॅमेरा कपाटावर, त्यांच्याकडे तोंड करून."

मी दोन फायली कन्व्हर्टला लावल्या आणि तिला बसायला सांगितलं. मशीनचे पंखे घरघरायला लागले. थोड्या वेळाने वास आला. आधी मला वाटलं मशीन तापलं. पण तो जळकट नव्हता. पातळ, गोडसर, तेलाचा.

"तुम्ही घड्याळाचं तेल ठेवता का इथे?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"मग..."

पट्टी भरली, पंखे थांबले. आणि पंखे थांबल्यावर खोलीत टिकटिक ऐकू आली. एक घड्याळ नाही, भिंतभर. स्पीकर मी चालूसुद्धा केले नव्हते. उठून पाहिलं, बटण बंदच होतं. माझ्या पाठीतून जे काही सरकलं त्याला मराठीत काटा म्हणतात, पण तो शब्द मला तेव्हा अपुरा वाटला.

तयार फायलींचं फोल्डर उघडलं. दोन टाकल्या होत्या, तीन आल्या होत्या.

माणूस अशा वेळी आधी स्वतःलाच शिव्या घालतो. मीच काहीतरी दोनदा दाबलं असेल, असं म्हणत मी मधली उघडली.

चित्र कपाटावरचं नव्हतं. खूप जवळून होतं. आणि ते हलत होतं, किंचित, एका लयीत, कॅमेरा हातात धरला की आपल्या श्वासाने हलतो तसं. म्हातारा भिंगाकडे पाहत नव्हता, भिंगाच्या जरासा वर पाहत होता. समोरच्याच्या तोंडाकडे पाहावं तसा.

"धाकटीबद्दल ना?" तो म्हणाला. कोणीतरी विचारल्यासारखा. "सांगतो."

ती खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

"तिचं बरोबर होतं. तिच्या वयाचा असतो तर मीही उठून गेलो असतो. राग पहिल्या वर्षीच गेला. नंतर... नंतर लाज वाटायची हो फोन घ्यायची. एवढा तोऱ्यात गप्प बसलो, आता कुठल्या तोंडाने बोलायचं? तिला म्हणावं, जहाजाच्या घंटेपेक्षा माझं हातातलं घड्याळ बरोबर चालतं, ते घालत जा. आणि माझं कामाचं भिंग तिलाच द्या. दुसऱ्या कोणाच्या डोळ्याला ते बसायचं नाही."

तिने दोन्ही तळहातांत तोंड घातलं आणि ती रडली. रडणं दोन तऱ्हेचं असतं. हे दुसऱ्या तऱ्हेचं होतं, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावरचं. खरं सांगते, माझीही भीती त्या रडण्यात वाहून गेली. कुठून आलं, कसं आलं, काय करायचंय? पोरीला बापाचा शब्द मिळाला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझेही डोळे भरले होते.

म्हणून पुढचं फक्त मी पाहिलं. तिच्या हुंदक्यांत ते बुडून गेलं.

म्हातारा थोडं हसला आणि वर बघत म्हणाला, "ऐकू जाईल ना तिला?"

आणि चित्र हळूच खाली गेलं, वर आलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मान हलवून हो म्हणावं तसं.

"मग ठेवा तो परत वर," म्हातारा म्हणाला. "शेवटचं बोलतो आणि निघू."

ती गेल्यावर मी त्याच दोन फायली पुन्हा कन्व्हर्ट करून पाहिल्या. दोनच आल्या. मग मी तिन्ही तुकडे जोडले, पण भिंगाच्या वाक्यावर मधला कापला. "ऐकू जाईल ना"पासून पुढचं सगळं काढून टाकलं आणि पुसून टाकलं. त्या बिचारीला एवढं समाधान मिळालंय, त्यात हे कशाला, असा विचार केला. तयार फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पाहिली आणि मगच तिच्या हातात दिली. त्यात ते नव्हतं. हे मी कोणाच्याही शपथेवर सांगेन.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की आधी ओळखूच आला नाही. भावाने भिंग दिलं होतं, डोळ्याला बसलं होतं. दोघं बहीणभाऊ फिल्म बघून हसले होते, रडले होते.

"पण सगळ्यात बरं कशाने वाटलं सांगू?" ती म्हणाली. "शेवटी बाबा विचारतात, ऐकू जाईल ना तिला, आणि कॅमेरा कसा मान हलवतो... ते मी परत परत बघते. दार फोडल्याचं दादाने सांगितलं ना, तेव्हापासून मला एकच गोष्ट खात होती, की बाबा एकटे गेले."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"होतं ना हो त्यांच्याजवळ कोणीतरी?"

"होतं बाई," मी म्हटलं. "नक्की होतं."