खिशातला गूळ

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा एका शनिवारी दुपारी माझे मिस्टर मला सदर बाजारात अचानक दिसले... आणि ते रडत होते.

अचानक म्हणायचं कारण, त्या वेळी मी सदरमध्ये असायलाच नको होतं. सासूबाईंना ‘पांढरा दोरा आणते’ असं सांगून मी निघाले होते. दोरा आमच्या गड्डीगोदाम मोहल्ल्यातच, घरापासून दहा पावलांवर मिळायचा. मला हवे होते मिरचीचे भजे. सासूबाईंना पोटात अल्सर, डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं, म्हणून सात वर्षं त्या घरात मिरचीचा डबाच नव्हता. फिकं वरण, फिकी भाजी, फिका भात. आणि मी कुठली? भिवापूरची! माझ्या बाबांच्या निम्म्या वावरात मिरची. जानेवारी लागला की आमचं अंगण लालभडक व्हायचं आणि पाहुणा फाटकातच शिंकायला लागायचा. अशा घरची मुलगी चार महिने दुधीची भाजी गोड मानून खात होती. मग पंधरा दिवसांतून एकदा ठेल्याच्या आडोशाला, पदर पुढे ओढून, मी चार भजे खाऊन यायचे. कुणाचं काय बिघडत होतं?

त्या दिवशीही भज्यांचा कागद हातात होता. समोर कडुलिंबाखाली सायकल उभी दिसली. कॅरियरला निळी दोरी... म्हणजे आमचीच. शेजारी नळावर हे वाकून तोंड धूत होते. सरळ झाले तेव्हा डोळे लाल, नाक लाल, गालावरून पाणी वाहतंय. रुमालाने पुसलं तरी पुन्हा वाहतंय. शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटायचं, पण हे नेहमी ‘काम होतं’ म्हणून तासभर उशिरा घरी यायचे. ते काम हे होतं तर... रडणं!

पुढे होऊन विचारावं असं फार वाटलं. पण हातात भजे होते आणि दोरा घेतलेला नव्हता. मी चोरासारखी मागच्या गल्लीने पळाले.

आमचं लग्न बघून-दाखवून झालेलं. एकमेकांची ओळख झाली ती रविवारी. आठवडाभर ऑफिस, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. रविवार मात्र आमचा असायचा. मला कॅरियरवर बसवून हे तेलंगखेडीच्या बागेत न्यायचे, कधी फुटाळा तलावावर. एका रविवारी आम्ही कळमेश्वरला नीलाताईंकडे, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेकडे गेलो होतो. परत येताना रस्त्यात संत्री घेतली. प्रत्येक फाकेतली बी काढून हे माझ्या हातावर ठेवत होते. बस अख्खी बघत होती. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले आणि फाका मात्र खात राहिले.

तेलंगखेडीच्या बागेत एकदा म्हणाले, “माझं नाव माईत आहे का तुले?”

“माईत नाई तर लग्न कोनाशी केलं मी?”

“मग घे न एकदा.”

“मले उखाणा येत नाई. लग्नातबी विसरली होती मी.”

“उखाणा कोण मागून राहिला? नुसतं नाव घे.”

“अवो बाई! नुसतं नाव कोनी घेते का नवऱ्याचं?”

“कोनी नाई घेत. म्हणूनच तर मागतो...” असं म्हणून हे हसले. यांचं हसणं डोळ्यांतून सुरू व्हायचं. मला तेव्हाच हा माणूस आवडला होता. खरं सांगायचं तर फारच आवडला होता.

पण भिवापूरचं नाव निघालं की हेच डोळे विझायचे. लग्नानंतर आम्ही दोनदाच तिकडे गेलो होतो. दोन्ही वेळा जाताना गप्प, येताना त्याहून गप्प. तिसऱ्या वेळी यांना ताप आला आणि चौथ्या वेळी ऑफिसचं काम. त्यातून एकदा कपडे धुताना शर्टाच्या खिशात गुळाचा खडा सापडला. खिशाला मुंग्या लागलेल्या. विचारलं तर म्हणाले, “ऑफिसात कोनीतरी दिला.” आता ऑफिसात साहेब फाइली सोडून गूळ वाटतात का?

त्या शनिवारी रात्री मी हिशेब जुळवला. माझं माहेर यांना नकोसं, शनिवारी चोरून रडणं, आणि कुणीतरी दिलेला गूळ. कुणीतरी म्हणजे कोण? मनात दुसरी कुणी होती आणि आईच्या शब्दाखातर माझ्याशी लग्न केलं, याशिवाय मला दुसरा अर्थच सापडेना. सकाळी भिवापूरला जायचं होतं. नवी मिरची निघाली, जावयाला घेऊन ये, असं बाबांचं पोस्टकार्ड आलं होतं. मी पिशवीत तीन साड्या जास्तीच्या भरल्या. माझ्या माहेरच्या उंबऱ्यावर यांचा चेहरा पुन्हा पडला, तर मी तिथेच राहणार होते. मग न्यायला यायचं की नाही, ते यांनी ठरवावं.

इतवारी स्टेशनावरून छोट्या लाइनीची, नॅरोगेज गाडी सुटली. ती गाडी म्हणजे सायकलवाल्यानेही हात दाखवून पुढे जावं अशी. थंडी होती. यांनी स्वतःचा मफलर माझ्या कानांभोवती गुंडाळला आणि पिशवी उचलून फळीवर ठेवली.

“एका दिवसाले एवढी पिशवी काहून वं?”

“असू द्या.”

“गोटे भरले का काय?”

मी मफलर आणखी घट्ट ओढला. उमरेडपर्यंत हे बोलत होते... तुरीबद्दल, साहेबाच्या टोपीबद्दल, कशाहीबद्दल. उमरेड सुटलं, वावरांत लाल ढीग दिसायला लागले आणि यांचा आवाज बंद झाला. मी तिरप्या नजरेने पाहिलं. हात शर्टाच्या खिशावर होता.

घरी माय दारातच उभी होती. माय म्हणजे माझी आई, पंचफुला. गावात कुणाचंही लग्न असो, ठेचा तिच्याच हातचा. बाबा, रुपराव, नवं धोतर नेसून बसलेले. शेजारच्या तुळसाबाई खास जावई बघायला आलेल्या. आणि उंबऱ्यावर... यांचा चेहरा पडलाच. मी पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि साड्या काढून खुंटीवर टांगायला लागले. डोळे भरून येत होते, पण रडायचं नाही असं ठरवलं होतं.

तेवढ्यात मायने वाढायला हाक मारली.

आमच्या घरची एक रीत आहे. नव्या मिरचीचा पहिला ठेचा जावयाच्या ताटात पडतो. त्याने खाल्ला की मगच बाकीचे खातात. मिरची कशी उतरली ते जावई सांगतो, आणि बाबा वर्षभर ते गावभर सांगतात. पाट मांडले होते. भाकर, डाळीचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात, त्यावर मिरचीचं कडकडीत फोडणीचं तेल, रश्श्यावर बोटभर लाल तवंग, आणि ताटाच्या डाव्या बाजूला तो ठेचा.

“घ्या जवाईबुवा,” बाबा म्हणाले. “मागच्या खेपेले तुमाले फिकं लागलं असंन. यंदा पंचफुलानं हात सोडून टाकलं हाय.”

यांनी ठेचा भाकरीला लावला आणि खाल्ला. “छान उतरली मिरची,” म्हणाले. आवाज जरा वरच्या पट्टीत लागला.

“आनखी घ्या न!”

मी भात वाढायला वाकले आणि मला दिसलं. कान लाल. नाक लाल. डोळ्यांतून पाणी. कालचाच चेहरा, कालचाच रुमाल! आणि डावा हात हळूच खिशात गेला, मिशी पुसल्यासारखं करून तोंडापाशी आला. ओठाला गुळाचा कण चिकटला होता.

मी भाताचं पातेलं धरून तशीच उभी राहिले. मला आठवलं... बघायला आले होते तो दिवस. मी दाराच्या फटीतून बघत होते. बाबांनी मिशीवर हात फिरवत विचारलं होतं, “भिवापूरची पोरगी न्याची, तर भिवापूरची मिरची पचली पाह्यजे. तिखट चालते ना?” आणि हे माझ्या फटीकडे एक नजर टाकून म्हणाले होते, “आमच्या घरी याच्याहून तिखट असते.” सात वर्षं मिरचीचा डबा नसलेल्या घरात! लग्नानंतर ते फिकं घर पाहिलं, तेव्हा मला वाटलं होतं, अल्सरच्या आधी तिखट खात असतील. मायने मात्र तो शब्द धरून ठेवला होता, आणि दर खेपेला मूठभर मिरची वाढवत नेली होती.

बाबांनी ठेच्याचा तिसरा गोळा उचलला आणि यांच्या ताटात घातला. यांनी घास केला.

“गिरिधर! नका खाऊ!”

ओसरीवर सगळं थांबलं. मायच्या हातातली पळी तशीच राहिली. मी काय बोलले ते मला तुळसाबाईंच्या तोंडून कळलं.

“अवो माय! पोरीनं नाव घेतलं वं! ना उखाणा, ना काई... बापासमोर!”

माझे कान यांच्याहून लाल झाले. पण आता मागे फिरणं नव्हतं. “बाबा, त्यायले तिखट चालत नाई,” मी म्हणाले. “पाहा न, गूळ खाऊन राहिले.”

बाबांनी यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडली तर तळहातावर विरघळलेला खडा. बाबांनी तो बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, “म्हंजे तवा खोटं बोलले तुमी?”

“हो, मामाजी.”

“काहून?”

यांची जीभ पार पोळली होती. दोनदा पाणी प्यायले. “ही दाराआडून पाहून राहिली होती,” म्हणाले. “मी नाई म्हटलं असतं, तर तुम्ही दिली नसती. मले... मले हीच पाह्यजे होती. तेवढं एकच खोटं बोललो, मामाजी. मग रोज वाटे, खरं कसं करावं ते. दर शनिवारी सदरमध्ये सावजीच्या भोजनालयात जातो. एक वाटी तिखटजाळ रस्सा खातो. चार महिने झाले. अजून तिखट खाता येत नाई.”

बाबा आधी खोकले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की बाहेर बांधलेली गाय उठून उभी राहिली. “पंचफुला, दही आन! अवो, मानसाले मारतं का?” असं म्हणत त्यांनी ठेच्याचा गोळा यांच्या ताटातून उचलून स्वतःच्या ताटात घेतला. माय बिचारी पदराने डोळे पुसत होती. “मले वाटे, पोरगं खाते आवडीनं... म्हून टाकत गेली मी,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. यांनी दोन वाट्या दही खाल्लं, आणि तेलाशिवायचा गोळाभात तीनदा मागून घेतला. त्या ओसरीवर मी यांना पोटभर जेवताना पहिल्यांदाच पाहत होते.

मी आतल्या खोलीत गेले आणि खुंटीवरच्या साड्या परत घडी करून पिशवीत ठेवल्या.

परतीच्या गाडीत डब्यात आमच्या समोर फक्त एक म्हातारी होती, तीही पेंगत. उन्हं उतरली होती. यांनी पिशवी फळीवर टाकताना पुन्हा विचारलं, “सांग न, आहे काय याच्यात?”

“साड्या. तीन. मी राहणार होती माहेरी.”

“काहून?”

मी सगळं सांगितलं. नळ, रुमाल, मुंग्या, आणि मनातली ती दुसरी. आधी यांना हसू आलं. मग ते मावळलं.

“खरंच राहिली असती?”

“हो.”

“अन् मी काय केलं असतं वं?”

“तुम्ही? गूळ खाल्ला असता.”

“शामला...” हे म्हणाले. माझा हात घेऊन स्वतःच्या मफलरखाली झाकून ठेवला. जरा वेळाने एकदम मान वर केली. “पण काल दुपारी तू सदरमध्ये काय करून राहिली होती?”

आली का पंचाईत! मला भज्यांचं सांगावंच लागलं. चार महिन्यांचं, ठेल्याच्या आडोशाचं, दोऱ्याच्या बहाण्याचं... सगळं. हे इतके हसले की म्हातारीचा डोळा उघडला.

“म्हणजे मी भोजनालयात रडून राहिलो, अन् माझी बायको बाहेर भजे खाऊन राहिली!”

“पुढच्या शनिवारी दोघं जाऊ. तुम्ही भज्यातलं बेसन खा, मिरची मले द्या.”

“चालते. पण एक बाकी आहे.” डोळ्यांतून ते हसू सुरू झालं. “दुपारी घेतलं, तसं घे न एकदा.”

“दुपारी माहा जीव घाबरला होता.”

“असं?” मायने माझ्यासाठी बांधून दिलेली ठेच्याची पुडी यांनी पिशवीतून काढली, सोडली, आणि चिमूटभर घेऊन सरळ तोंडाकडे नेली. “मग घाबर.”

मी मनगट धरलं. म्हातारी टक लावून बघत होती. बघू दे.

“गिरिधर,” मी म्हणाले.

यांनी चिमूट पुडीत परत टाकली. “अजून एकदा,” म्हणाले. गाडी उमरेडला थांबून पुन्हा हलली, तरी मी नावच घेत होते.