चटईवर वाळू नव्हती

"आज सूर्य बुडायच्या आत हार हवा," हाउनानी आंटी म्हणाल्या. "तो खाडीत सोडते, दाराला कुलूप लावते आणि हिलोला बहिणीकडे जाते. भिंतींशी किती बोलायचं?"

पुआ काहेलेने दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. बेटाच्या या टोकाला खासगी गुप्तहेर म्हणून पाटी लावणारी ती एकटीच. सोबत तिचा दीर केकोआ. पूर्वी तो बस चालवायचा. आता पुआची गाडी चालवतो आणि डोकंही, पण ते कायम पहिल्या गियरमध्ये.

"तुम्हाला आम्हीच सोडू," म्हणत त्याने बॅग गाडीत नेऊन ठेवली.

घराखाली खाडी होती. विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड एका बाजूने फुटून समुद्र आत शिरलेला, काठाला कोळशासारखी काळी वाळू. आंटींचा एकुलता एक मुलगा कालेओ दोन महिन्यांपूर्वी तिथूनच होडी घेऊन गेला. होडी परत आली.

पिवळ्या पिसांचा तो हार कालेओ टोपीला बांधायचा. कालच्या निरोपाच्या जेवणापर्यंत तो झोपायच्या खोलीत खुंटीवर होता; नंतर खुंटी रिकामी.

"जेवायला कोण होतं?" पुआने विचारलं.

"तिघंच. पुतण्या इकाइका, शेजारीण लेहुआ, सून नोहेआ. तिघांच्या गळ्यात मी चाफ्याचे हार घातले. नोहेआने तर आवडता कच्चा मासाही बाजूला सारला. बिस्किटं चघळली आणि लवकर निघून गेली. माझ्याकडे बसवत नाही कुणाला."

चपला नेहमीसारख्या दाराबाहेर होत्या. बाहेरच्या खोलीत अनवाणी पायांखाली काळे कण करकरत होते. आतल्या खोलीत मात्र दारापासून खुंटीपर्यंत फिकट चटई होती. पुआने गुडघ्यांवर बसून तिच्यावरून बोट फिरवलं. हाती लागलं ते चाफ्याचं एक फूल.

"चटई कधी झाडली?"

"परवा. मग केरसुणी धरवलीच नाही."

"तुम्ही स्वतः खाली वाळूत गेला होता?"

"दोन महिने उतरले नाही गं."

"स्वच्छ चटईत काय पाहायचं, वहिनी?" केकोआ पुटपुटला. "आणि चाफा तर तिघांच्याही गळ्यात होता."

इकाइका गॅरेजात भेटला. "आंटींनी हिलोला जावं म्हणून मीच मागे लागलोय. मग हार चोरून त्यांचं जाणं कशाला अडवू? मी आल्या आल्या खाली खाडीत पोहायला गेलो, पाय न धुता जेवायला बसलो. आंटी बोलल्यासुद्धा."

लेहुआ रस्त्याकडेला हार ओवत होती. "मी पण इकाइकासोबत खाली गेले, खायचं शेवाळ गोळा करायला. आणि मला हारांची काय कमी? लग्नाचा करते, श्राद्धाचा करते, पोटुशीसाठी उघड्या टोकांचा, शर्यतीच्या घोड्याचा. यांना कुठला देऊ?" तिने केकोआकडे पाहिलं.

"घोड्याचा," पुआ म्हणाली.

नोहेआने दार अर्धवटच उघडलं. "मी वर ओट्यावरच बसले होते. त्या पायऱ्या निसरड्या आहेत."

खुर्चीच्या पाठीवर कालचा चाफ्याचा हार लोंबत होता, दोन्ही टोकं मोकळी.

"तुटलाय," केकोआ कुजबुजला. "झटापट झाली असणार."

"टोकांना बारीक गाठी आहेत. झटापटीत गाठी कोण मारतं?"

सूर्य बुडायला तासभर असताना आंटींच्या ओट्यावर सगळे जमले. आंटी खाडीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"काळी वाळू ओल्या पायाला चिकटते," पुआ म्हणाली. "इकाइका आणि लेहुआ खालून आले. बाहेरच्या खोलीत त्यांनी वाळू सांडली. चटईवर एक कण नाही. म्हणजे आत गेलेली व्यक्ती वाळूत उतरलीच नव्हती."

सगळ्यांनी नोहेआकडे पाहिलं.

"पुढचं मी सांगू? की नको?"

नोहेआने मान हलवली. सांग.

"निसरड्या पायऱ्या टाळल्या. कच्चा मासा टाळला. आंटींनी घातलेला हार बंद होता. तसा हार गळ्यात राहिला तर पोटातल्या बाळाला नाळेचा फास बसतो, असं आपल्याकडे मानतात. घालणाऱ्यासमोर हार काढणं हा तर अपमान. म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दोरा कापून टोकांना गाठी मारल्या. तेव्हा एक फूल सुटून पडलं. मान वर केली, तर समोर खुंटी."

"आई, याआधी दोनदा सगळ्यांना सांगितलं आणि दोनदा गेलं," नोहेआ म्हणाली. "या वेळी तीन महिने होईपर्यंत बोलायचं नव्हतं. पण तुम्ही हार पाण्यात सोडणार होतात. बाळाला त्याच्या बापाचं काय दाखवू?"

तिने पिशवीतून पिवळा हार काढला.

आंटी कितीतरी वेळ पिसांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी हाराची फीत सोडली आणि तो उघडाच नोहेआच्या खांद्यांवर टाकला.

"बस इथे. मासा शिजवून वाढते."

केकोआ उठला. कुणी काही सांगितलं नव्हतं. तो गाडीपाशी गेला, आंटींची बॅग काढली आणि चपला दाराबाहेर ठेवून ती आत घेऊन गेला.