चार बोटांची फट

"आधी दगड, मग वाळू. घाई फक्त लग्नात करावी."

दादाचं हे बोलणं अजून कानात आहे. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सजवायचं काम त्यानेच मला शिकवलं. वाळूवर दगड रचले की मासे खालून उकरतात आणि एक दिवस सगळा डोंगर काचेवर येतो. म्हणून दगड थेट तळावर टेकवायचा. गिऱ्हाइकांसमोर तो मला 'आमचा हमाल' म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो होतो. खडकांच्या फटीत त्याचा पाय अडकला आणि भरती चढली. मी दूर गाडीत सामान लावत होतो, मला काही ऐकू आलं नाही. असं मी पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं. वहिनीला तर दरवर्षी सांगतो, कारण ती दरवर्षी विचारते, शेवटी काही म्हणाले का ते?

यंदा तिने विचारलं नाही. बैठकीतली त्याची रिकामी टाकी पुन्हा मांडून द्या, एवढंच म्हणाली.

टाकीच्या तळाएवढा पुठ्ठा कापून मी फरशीवर अंथरला. काच पुसायला हात फिरेल एवढी कड सोडून आत रेघ मारली. गच्चीवरच्या पेटीतले दादाचे दगड आणले. सहा उन्हाळे खाल्लेले, भोकाभोकांचे, हाडासारखे पांढरे. डावीकडे मोठा डोंगर रचला, उजवीकडे धाकटा, मध्ये मोकळी वाळू राहील अशी वीतभर जागा.

वहिनी दारातून बघत होती. "धाकटा जरा फटकूनच बसलाय, भाऊजी."

जेवून परत आलो तर धाकटा मोठ्याजवळ सरकला होता. मध्ये चार बोटांची फट. वहिनी माझ्यासमोरच जेवली होती, घरात तिसरं माणूस नाही. फरशीला उतार असेल, असं म्हणत मी दगड मागे ओढले. दगड कोरडे, माझे हात कोरडे, फटीखालचा पुठ्ठा मात्र ओला. बोट लावून चाखलं. खारट.

दुसऱ्या दिवशी पाणसळ लावून पाहिली. फरशी सपाट होती. दगडांच्या सांध्यांत चिकट लांबी भरून प्रत्येक डोंगर एकसंध केला, दोन्ही हातांनी जेमतेम उचलावा असा. हात धुवायला मोरीत गेलो आणि आलो.

तीच फट. आणि मोठ्या डोंगराच्या माथ्यावर एक चपटा दगड, बसायला केल्यासारखा. तो मी ठेवला नव्हता. पेटीतही पाहिला नव्हता.

पण ओळखला.

 वहिनी दारात आली. नुसती पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच काम उरकायला बसलो. टाकीत आधी वाळू ओतली, मग दगड ठेवले. मुद्दाम उलटं केलं. मेलेल्या माणसाचं किती ऐकायचं? चपटा दगड फडक्यात गुंडाळून गाडीत टाकून आलो आणि मीठ कालवलेलं पाणी सोडलं.

नळीचं तोंड नीट बसवायला क्षणभर वाकलो.

वर पाहिलं तेव्हा डोंगर पुन्हा चार बोटांवर आले होते. वाळूवर ओरखडाही नव्हता. चपटा दगड माथ्यावर होता.

पाणी चढत होतं.

कोरडा दगड भिजताना हवा सोडतो, त्यात नवल नाही. पण तो सगळीकडून सोडतो. इथे बुडबुडे फक्त फटीतून येत होते. दोन यायचे, थांबायचे. पुन्हा दोन. जसं कुणी दम घेऊन हाक मारावी.

वहिनी चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. बराच वेळ ऐकत होती.

"हे किती वेळ चालतं, भाऊजी?"

दिवसभर चालतं, हे कुठल्याही गिऱ्हाइकाला मी झोपेतही सांगितलं असतं.

पाणी चपट्या दगडाच्या कडेला टेकलं. बुडबुडे थांबले.

"वीस मिनिटं," मी म्हणालो. "मी वरच्या खडकावर बसून ऐकत होतो, वहिनी. आधी हमाल म्हणून हाका मारत होता. शेवटी शेवटी माझ्या नावाने."