माझं हो समजा

सास्तूरच्या पुढं, फाट्यापासून आत, एका लहानशा गावाच्या उपकेंद्रात मिनाज सिस्टर एकटीच राज्य करायची. त्या दुपारी एक तरणाबांड माणूस पायरीशी मोटारसायकल लावून आत आला. अंगभर धूळ, आणि चेहरा असा पडलेला की आता कोसळतो की काय.

"सिस्टर, घसा लई धरलाय. ती पाच दिवसांची गोळी द्या की."

"ती मला माझ्या मनानं देता येत न्हाय. डॉक्टरांना विचारावं लागतंय."

"मग विचारा."

"नवीन आलेत. कसे आहेत, कुणास ठाऊक." अंगणातल्या लिंबाखाली जाऊन तिनं नंबर लावला, कारण रेंज तेवढी तिथंच यायची. आणि मागोमाग आलेल्या त्या माणसाच्या खिशात फोन वाजला...

त्यानं तो शांतपणे कानाला लावला. "बोला, सिस्टर."

मिनाजला कुठं बघावं कळेना. पण हार मानणारी ती नव्हती. "एक पेशंट आलाय, सर. घसा धरलाय म्हणतोय – पण मला तर ठणठणीत दिसतोय."

"मग गोळी नका देऊ," डॉक्टर झुबेर म्हणाला. "पाणी तरी विचारा."

झालं. तिथून सगळं बिघडलं, म्हणजे सुरू झालं.

तो दूर आरोग्य केंद्रात आणि ही इथं. रोज लिंबाखाली उभी राहून ती पेशंट सांगायची, औषधाचं नाव घ्यायची, आणि तिकडून तो म्हणायचा, "द्या." एवढाच शब्द. पण त्या शब्दासाठी मिनाज हल्ली सकाळपासून कान देऊन असायची. पेशंट संपले तरी फोन संपायचा नाही.

"तुमच्याकडं पाऊस आहे?"

"आहे, सर. तुमच्याकडं?"

"आता यील. माझ्याकडं सगळं तुमच्याकडूनच येतं."

ओढणी भिजायची, आणि तिला ते घरी आल्यावर कळायचं.

एकदा रेंजचा पार बोजवारा उडाला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "फोन लागलाच न्हाय, तर मी काय करायचं?"

"तुम्ही द्यायचं. माझं हो समजा."

"सगळ्यालाच?"

"सगळ्यालाच, मिनाज." सिस्टर म्हणायला तो विसरला होता, आणि तिनं आठवण करून दिली नाही.

सोयाबीनची काढणी चालली होती. संध्याकाळी दगडोबाला त्याच्या पोरानं उचलून आणलं. सोयाबीनची गंज हलवताना विंचू चावला होता. म्हातारा घामानं निथळत होता, हातपाय गार पडलेले. मिनाजनं विंचवावरची गोळी दिली. बरोबर दिली. ती गोळी घेतल्यावर माणसाला उभं राहू द्यायचं नसतं, एकदम चक्कर येते. तेही तिनं पोराला सांगितलं. आणि मग ती फोन घेऊन लिंबाखाली गेली.

फोन लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. आत दगडोबा म्हणाला, लघवीला जायचंय. पोरानं बापाला उठवलं. पडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. दगडोबा पुन्हा उठला नाही.

दगडोबाची बायको तुळजाबाई रडलीसुद्धा नाही. "तुझ्या भरवशावर आणलं व्हतं, माय," एवढंच म्हणाली.

चौकशी बसली. गोळी कुणाच्या परवानगीनं दिली?

"माझ्या मनानं दिली," मिनाज म्हणाली. "डॉक्टरांनी मला तशी मुभा कधीच दिली नव्हती."

त्याआधीच, वेगळ्या खोलीत, झुबेर सांगून बसला होता, "मीच फोनवर सांगितलं, द्या म्हणून."

चौकशीला आलेल्या साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय."

खोटं दोघंही बोलत होते. मिनाजनं वर पाहिलं, तोही तिच्याकडंच पाहत होता... आणि जे इतके दिवस पावसावर बोलून टाळलं होतं, ते त्या भकास खोलीत, साहेबांच्या देखत कबूल झालं. असल्या वेळी कळावं, हे नशीबच म्हणायचं. तिची नोकरी गेली. त्याला विदर्भाच्या पार टोकाला धाडलं.

तो निघाला त्या दिवशी ती येडशी स्टेशनवर आली. भुरभुर पाऊस होता.

"अम्मीला तुमच्या घरी पाठवू?" त्यानं विचारलं. "नोकऱ्या होतील परत. फक्त हो म्हणा."

मिनाज रुळांकडं बघत म्हणाली, "त्या संध्याकाळी गोळी मी आधीच दिली होती, सर. विचारायचं काही राहिलं नव्हतं."

"मग बाहेर का गेलात? मी तर म्हटलं होतं – माझं हो समजा."

"समजून भागलं न्हाय मला. ऐकायचं होतं." तिनं हातातला फोन मुठीत घट्ट धरला. "लई सवय लागली होती तुमच्या आवाजाची. तेवढ्यासाठी मी त्यांना एकटं सोडलं. आता तुम्ही बोललात, की मला ते पडल्याचं ऐकू येतं. आत्तासुद्धा येतंय."

त्यानं हात पुढं केला – आणि मागं घेतला. गाडी आली. तो चढला.

गाडी फलाटाबाहेर पडते न पडते तोच तिच्या हातात फोन वाजला. त्याचंच नाव होतं. इथं रेंज चांगली होती. ती पावसात उभी राहून ते नाव बघत राहिली, फोन वाजायचा थांबेपर्यंत, आणि मग एसटी स्टँडकडं निघाली.