रिकाम्या माळावर जागा नाही!

भला मोठा माळ. कुठेही नजर टाका, एक झाड नाही. आणि आमचा खड्डे खणणारा रोबो, त्याचं नाव खणू, म्हणतो, "इथे जागा नाही."

जागा नाही?! मी चक्रावलेच. मी, कस्तुरी लोंढे, नववी ब, शाळेच्या पर्यावरण मंडळाची नवीकोरी अध्यक्ष! दोनशे रोपं बिनड्रायव्हरच्या टेम्पोत, गाव मंडपात, देशमाने सर पाहुण्याबाईंना चहा पाजतायत, आणि खड्डा एकही नाही!

"अध्यक्षबाई, तुमचा रोबो संपावर गेलाय," वर्गातला इरफान खिदळला.

"गप रे! खणू, हा माळ पडीक आहे. पडीक!"

"पडीक? कोण पडलं?"

"अरे, म्हणजे रिकामा. बिनकामाचा."

"एक पाऊल मागे घे. हळू."

घेतलं. खणूच्या पोटावरच्या पडद्यावर औष्णिक चित्र (उष्णतेवरून काढलेलं चित्र) उमटलं. गार जमिनीवर, माझ्या बुटापाशी, दोन उबदार ठिपके! खाली बघते तर नुसते खडे. खूप निरखलं तेव्हा त्यातले दोन खडे चक्क अंडी निघाले!

"धाविक पक्ष्याची," खणू म्हणाला. "तो उघड्या जमिनीवरच अंडी घालतो."

"मग झाडं आली तर बरंच ना त्याला? सावली, घर..."

"तो झाडावर बसतच नाही. कावळा बसतो. फांदीवरून कावळ्याला काय दिसेल?"

"अंडी!" मी ओरडलेच.

"शिवाय सावलीत हे गवत मरतं. गवत गेलं की नाकतोडे जातात, मग त्यांना खाणारे पक्षी. माळ ही परिसंस्था (एकमेकांवर जगणारे सजीव आणि त्यांची जागा) आहे."

"पण हवेतला कार्बन झाडंच शोषतात ना?"

"गवतही शोषतं. झाड तो खोडात साठवतं, गवत बराचसा मुळांत, जमिनीखाली."

डोक्याचा पार भुगा! "झाडं लावणं चांगलं की वाईट? एक काहीतरी सांग ना!"

"जिथली तोडली, तिथे लावणं चांगलं. इथे जंगल नव्हतंच कधी."

"कस्तुरी, पाहुण्यांचा चहा झाला हं!" सरांची हाक आली.

मी मंडपात जाऊन माइकच धरला. "नमस्कार! आज या माळावर एकही झाड लागणार नाही!" सरांची कपबशी खडखडली. मग अंडी, कावळा, मुळं, सगळं एका दमात सांगून टाकलं. "रोपं ओढ्याकाठी लावू. रस्त्यासाठी तिथले करंज तोडलेत ना!"

"आणि या माळाचं काय करायचं?" सर गोंधळून म्हणाले.

"काहीच नाही, सर. जपून चालायचं."

पाहुण्याबाई उठल्या, पदर खोचला आणि जमिनीकडे बघत निघाल्या. त्यांच्यामागे अख्खं गाव, एका रांगेत, ओढ्याकडे. पाऊल नेमकं कुठे टाकावं, कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. पण टाकण्याआधी सगळे बघत होते!