तोंडात लोखंड नसलेला लगाम

या, जवळ सरका. पाय आवरून बसा, मागच्यांना जागा द्या. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका गॅरेजची कथा सांगते. मोठी माणसं किती गोंधळ घालतात, ते तिच्यात कळेल.

त्या गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. गुरुनाथकाकांना जुन्या काउबॉय सामानाचा नाद. सगळीकडे खोगिरं, रिकिबी, लगाम. त्यांतला एक लगाम फार लाडका. घोड्याच्या तोंडात लोखंडी दांडी घालायचीच नाही. नाकावर कच्च्या चामड्याचं विणलेलं कडं, बस.

सुट्टीत काकांची बारा वर्षांची पुतणी गिरिजा आणि शेजारचा ऋषी रोज जवळच्या फार्मवर घोड्यावर बसायला शिकायला जात. तिथल्या पेनी नावाच्या घोडीची जीभ पूर्वी कुणीतरी दांडी ओढून फाडली होती. लोखंड दिसलं की ती उधळायची. शनिवारी चारपर्यंत तिच्यावर कुणी नीट बसून दाखवलं नाही, तर रविवारी तिचा लिलाव, असं मालकीणबाईंनी सांगितलं होतं. काकांनी आपला लगाम द्यायचं कबूल केलं.

आणि शनिवारी सकाळी नेमका तोच गायब.

काकांनी तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘चोरी झाली’ असं टाकलं. लगेच चोरांवर नजर ठेवायला कॅमेरा कुठला चांगला यावर वाद जुंपला. शोधायला कुणी उठलं नाही.

“चांदीची नक्षी असलेलं खोगीर सोडून चोर ते कडं कशाला नेईल?” गिरिजा वैतागली.

“अँटिक आहे ते,” काका म्हणाले.

“काका, तुम्ही अर्धा तास एक्सप्लेन केल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही यार,” ऋषी म्हणाला.

मग दोघांनी आदल्या दिवसाची चौकशी केली. हॉल कॅन्सल झाल्यामुळे मंडळाचं कीर्तन काकांच्या गॅरेजमध्येच झालं होतं. देवासमोर चामडं नको, म्हणून काकांच्या बायकोने, विनीताकाकूंनी, सगळं सामान लोकांच्या डिक्क्यांमध्ये हलवलं होतं. कीर्तन असं रंगलं, की माणसं देहभान विसरली. सामान मात्र आठवणीने परत आलं. मुलांनी अकरा घरी फोन केले. प्रत्येकाने आधी रागावून घेतलं, मग डिकी पाहिली. रिकामी.

दुपारचा एक वाजला. ऋषीने अचानक विचारलं, “काकू, तबल्यावर काय असतं?”

“चामडंच. पण ते चालतं, वाद्य आहे ना.”

“म्हणजे आत एकच चामडं अलाउड होतं.”

काकूंनी कपाळावर हात मारला. मग हळूच म्हणाल्या, की बुवा कीर्तनाला उभे राहिल्यावर काकूंना कोपऱ्यात एक कडं दिसलं होतं. तबल्याखालची रिंग वाटली, म्हणून त्यांनीच ते तबलजी प्रसादजवळ नेऊन ठेवलं.

विद्यार्थी प्रसाद राहायचा शेजारच्या रॅली शहरात, आणि त्याचा फोन बंद. काका गाडीत बसूनही ग्रुपवर खुलासा लिहीत राहिले. गिरिजाने फोन काढून घेतला. “आधी ड्राइव्ह करा.”

प्रसादने डोळे चोळत दार उघडलं. आत डग्गा त्या कड्यावर विराजमान होता, लगामाच्या दोऱ्या खाली दुमडलेल्या.

“कालपासून कलतोय खरा,” प्रसाद म्हणाला.

चारला दहा मिनिटं असताना फार्मवर गिरिजाने कडं पेनीपुढे धरलं. पेनीने ते हुंगलं, मान खाली घेतली आणि गिरिजाला पाठीवर घेऊन शांतपणे तीन फेऱ्या मारल्या. मालकीणबाईंनी लिलावाचा कागद फाडला.

काकूंनी दोघांना जवळ घेतलं. “चामडं बाहेर काढलं मी, पण डोळे उघडे ठेवले ते तुम्ही,” त्या म्हणाल्या. काकांनी ग्रुपवर मुलांचं भरभरून कौतुक केलं आणि सर्वांची माफी मागितली.

आता बाळांनो, एवढंच करा. ते कडं कुणी विणलं, त्याचं नाव त्यावर नाही. मुक्या जिवाला न दुखवता त्याच्याशी बोलता येतं, हे त्याला ठाऊक होतं. रात्री देवाला हात जोडाल, तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.