बशीतला पडदा

"माझ्या प्रयोगशाळेत खून झालाय," संचालक म्हणाले, आणि भाऊजींच्या कपातला चहा हिंदकळला.

मेला होता तो बशीतला पडदा. मृत दात्याच्या डोळ्यातल्या पेशींपासून वाढवलेला, नखाएवढा. उद्या तो एका शिंपीणबाईंच्या आंधळ्या डोळ्यावर बसवायचा होता.

"सहायक मुलीचा हलगर्जीपणा! जंतू शिरले. आजच काढतो तिला." संचालकांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. "ज्या डोळ्यांना उभ्या जन्मात चष्मा लागला नाही, त्यांची ही दशा! रविवारी मी घरी होतो, नाहीतर..."

वहिनींनी त्यांनाही सोबत घेऊन प्रयोगशाळा गाठली. नवऱ्यामागे त्यांनी रसायनशास्त्राची शिकवणी सोडून ही शोधाशोध धरली होती आणि पिशवी धरायला दिराला सोबत घेतलं होतं. भाऊजी खुशीने यायचे. घरी भिंतींशी किती बोलणार?

सहायक मुलीचे डोळे रडून सुजले होते. इनक्युबेटरच्या उबदार पेटीसमोर खुर्ची होती, खुर्चीवर चष्मा पुसायचा फडका.

"तुझा?" वहिनींनी विचारलं.

"मला चष्मा नाही, बाई. आणि आम्ही इथे उभ्यानेच काम करतो. शनिवारी कुलूप लावलं तेव्हा खुर्ची नव्हती."

"दाता कोण होता?"

"कुणालाच माहीत नसतं. बाटलीवर नुसता नंबर."

भाऊजी बशीत डोकावले. पेशींना पोसणारा रस नितळ होता, पण जांभळा. "वहिनी, विष!"

"विष कसलं, भाऊजी! जंतू वाढले की हा रस आंबतो, पिवळा आणि गढूळ होतो. जांभळा झाला, म्हणजे त्याला किंचित आंबट ठेवणारा पेटीतला वायू निघून गेला. दार तासन्‌तास उघडं होतं." वहिनी संचालकांकडे वळल्या. "समोर कुणीतरी बसलं होतं. आतल्या वाफेने चष्मा धुरकटला, म्हणून फडका निघाला आणि इथेच राहिला. तुम्ही आज शर्टाने पुसताय. आणि नुसत्या नंबरावरून दात्याला चष्मा नव्हता, हे तुम्हाला कसं कळलं?"

संचालक खुर्चीत बसले.

"बायको होती माझी. रविवारी घर खायला उठतं हो. उद्या ती परक्या घरी जाणार, म्हणून जवळ बसलो. दार उघडून बोलत राहिलो आणि झोप लागली. कित्येक महिन्यांनी लागली."

"आणि आळ हिच्यावर?"

"भ्यालो."

भाऊजींनी मान खाली घातली. तसले रविवार त्यांनाही ठाऊक होते.

संचालकांनी आपली किल्ली मुलीच्या हातात दिली. "तू कुठेही जायचं नाहीस. तिच्या गोठवलेल्या पेशी आहेत, पुन्हा वाढव."

"शेवटच्याच आहेत, सर."

"असू देत. शिंपीणबाईंना दिसायला लागलं की मला एकदा भेटव."

"पण दात्याचं नाव त्यांना सांगता येत नाही."

"नाव नकोच सांगूस. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, की झालं."